एक हजार तेरा चिंचोके

आबा, आज दुपारी पुन्हा चिंचोके मांडले. तेच, एक हजार तेरा. तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली, तरी भवानी पेठेतल्या आपल्या घरात माग अजून त्याच भिंतीकडे तोंड करून आहे आणि मी त्याच्या शेजारीच बसते.

हे साथीत गेले, मी माहेरी परत आले, आणि थोड्याच दिवसांत आत्या मला न्यायला मोडनिंबहून आली. तुम्ही चौकडीच्या कापडाचा ताणा लावत होता. बावीस धाग्यांची एक चौकडी. सगळ्या पुऱ्या बसायला एक हजार बारा उभे धागे हवे होते. माझं चित्त थाऱ्यावर नव्हतं, एक धागा जास्त झाला. तुम्ही रागावला नाहीत. तो बोटावर घेऊन नुसते बघत राहिलात.

आत्या उंबऱ्यातून म्हणते, "हिला माज्याकडं धाड. शेळ्या हायत, रान हाय. हितं ही जास्तीचीच की."

तुम्ही मान वर न करता म्हणालात, "आक्का, ताण्यात एक हजार तेरा धागे झालेत. त्यांच्या सारख्या वाटण्या करून दाव. एक बी उरता कामा न्हाय, आन एकेकाची वाटणी चालायची न्हाय. जमलं तर खुशाल ने पोरीला."

"एवडंच व्हय?" म्हणून आत्या हसली आणि पदर खोचून चिंचोक्यांची टोपली घेऊन बसली. मीच तिला चिंचोके मोजून देत होते. साताच्या ओळी केल्या, पाच उरले. अकराच्या केल्या, एक उरला. तेराच्या केल्या, तर एक कमी पडला. "गिळलास का काय गं एकादा?" म्हणून तिनं मला तोंड उघडायला लावलं! शेवटी टोपली सारून उठली. "तुजा आकडा बी तुज्यावानीच हट्टी हाय," तुम्हाला म्हणाली, आणि भाकरी खाऊन एकटीच परत गेली. जास्तीचा धागा तुम्ही काठात घेतलात.

सुताच्या गड्ड्यांना गुंडाळून आलेल्या कागदांवर मी वाचायला शिकले. पुढे एक जुनं अंकगणित हाती आलं. अशा आकड्याला मूळ संख्या म्हणतात. आत्यानं एकतीसपर्यंत नेटानं तपासलं असतं, तरी पुरे होतं. त्याहून लांब ओळी बसल्या असत्या, तर ओळीच एकतीस किंवा कमी भरल्या असत्या, आणि तेवढ्या लहान आकड्यानं तो आधीच वाटला गेला असता. मी एकेक करून पाहिलं. कशातच बसत नाही. तुम्हाला हे ठाऊक होतं, की नुसता धीर केला होतात? विचारायचं राहिलंच.

ह्यांची आठवण फार आली की मी चिंचोके मांडते. आज सहज चौकोन करत होते. बावीस ओळी, ओळीत बावीस. उरलेल्यांचा दुसरा केला: तेवीस ओळी, ओळीत तेवीस. एकही उरला नाही, आबा. दोन पुरे चौकोन, शेजारी शेजारी. चहा निवून गेला तरी मी बघत बसले होते.

हे पत्र कुठे टाकणार? टोपलीतच ठेवते. एक मात्र सांगते. शेवटचा चिंचोका जागेवर बसला, तेव्हा आनंदाच्या आधी भीती वाटली. आत्यालाही जाऊन वर्षं झाली, तरी मी उंबऱ्याकडे बघितलं. मग ध्यानात आलं, एक चौकोन जरासा मोठा आहे. तुमची अट सारख्या वाटण्यांची होती.