लेझर हलवणारा सापडलाच पाहिजे

२ मार्च, सकाळी
मी बोलते, मोबाईल लिहितो. मला वाचता येत नाही, म्हणून ही वही एकदम गुप्त. माझ्यापासूनसुद्धा.
नात उत्कर्षा पीएचडी करते. आमची कॉलेजची क्वार्टर बरोबर तिच्या लॅबच्या डोक्यावर. काचेच्या नळीत रुबिडियमचे अणू, त्यांच्यावर लेझर. साध्या दिव्याने अणूच्या प्रकाशाची रेघ जाड दिसते म्हणे, लेझरने केसाहून बारीक. त्या रेघेवर लेझर धरून ठेवायचा, त्याला लॉक म्हणतात. सलग तीन दिवस टिकला की मोजमाप पूर्ण. वीस तारखेला प्रबंध द्यायचा, मुदतवाढ नाही. आणि रोज दुपारी चारला कुणीतरी इमारत हलवतं, लॉक सुटतो.
संकल्प: चोर मीच पकडणार. चारला मी खारीक कुटत जागीच असते, पहारा आपोआप होतो.

५ मार्च
चोर सापडला. बापूराव वॉचमन. चारला बुलेटला किक मारतो. अहो, तुमच्या फटफटीने अणू हादरतात, असं सुनावलं. म्हणाला, आजी, तिच्यावर बसून मीपण हादरतो. आता फाटकापर्यंत ढकलत नेतो. मोहीम फत्ते.

६ मार्च
लॉक सुटला. चारलाच.
पोर वाळत चाललीये. डिंकाचे लाडू वाढवायला हवेत. मिक्सरच्या खारकेत जीव नसतो. लोखंडी खलबत्ता आहे, उद्यापासून सकाळी दहालाही कुटणार.

११ मार्च
आता दहालाही सुटतो. चोर धीट झालाय. म्हणजे पाण्याचा पंप! मुलाला, अभयला सांगून बंद करवला. अख्खी इमारत कोरडी. शेजारची शाइस्ता बादली घेऊन दारात. आजी, तुमचे अणू आंघोळ करतात का हो, म्हणे. मी कुटतच राहिले.

१५ मार्च
उत्कर्षा जेवली नाही. चार वर्षं गेली गं आजी, एवढंच म्हणाली. रडली असती तर बरं होतं. मी दुप्पट खारीक काढली. दुसरं काय येतं मला?

१९ मार्च, चारला पाच कमी
तिने जमिनीला हादरे मोजणारं यंत्र लावलंय. आता सापडेल मेला.

१९ मार्च, सव्वाचार
उत्कर्षा दारात. हातात आलेखाचा कागद, करवतीसारखा दातेरी. माझा हात वर. विचारलं, सापडला का गं? ती बत्त्याकडे बघत राहिली. मग मीही बघितलं.

२२ मार्च, संध्याकाळ
खलबत्ता शाइस्ताकडे. लॉक तीन दिवस टिकला. रेघ खरंच केसाहून बारीक आली, तिने मला खाली नेऊन दाखवली. प्रबंधाची तारीख मात्र परवाच गेली.
लाडवांचे तीन डबे भरलेत. तिने एक खाल्ला. म्हणाली, आजी, खारीक मात्र छान बारीक झालीये.