शेपटीचा हात

१४ नोव्हेंबर

प्रिय ताई,

तुला नमस्कार, आणि तुझ्या गुडघ्याला वेगळा. भावोजी फोनवर म्हणाले, तू पुन्हा जिने चढायला लागलीस. डॉक्टरांचं ऐकायचं नाही असं ठरवूनच तू जन्माला आलीस. मी ठीक आहे. जेवते, झोपते, प्रयोगशाळेत जाते.

यंदाची कॉलेजची मुलं कशी आहेत, असं तू विचारलं होतंस. प्रत्येकाला एकेक प्रयोग आखून द्यायचा आणि हात धरून शिकवायचं, हेच माझं काम. बहुतेक जण गुणी आहेत, म्हणजे काचेच्या बश्या फोडल्यावर निदान सॉरी म्हणतात. दुसऱ्या वर्षाची एक मुलगी मात्र सतत माझ्या मागेमागे असते. तिला मी मनातल्या मनात शेपटी म्हणते.

आमचे किडे तुला आठवतात ना? गोड्या पाण्यातले, चपटे, तिरळ्या डोळ्यांचे. मधोमध कापले की डोक्याकडच्या तुकड्याला शेपूट फुटतं आणि शेपटीकडच्याला डोकं. ऐकायला सोपं वाटतं, पण पातं टेकवलं की किडा अंग आखडतो आणि काप तिरका जातो. मला सरळ काप जमायला अख्खं वर्ष लागलं. माझ्या त्या शेपटीला, त्या मुलीला, पहिल्याच आठवड्यात जमला. सर मागे उभे होते. माझे सर, ज्यांच्या तोंडून मी इतक्या वर्षांत "हं" याच्यापुढे काही ऐकलेलं नाही. ते म्हणाले, "हिचा हात बघा. असा हात शिकवून येत नाही."

शिकवून येत नाही म्हणे. मी तिथेच होते, तिचीच बशी धरून.

ताई, मला तिचा हेवा वाटतो. लिहिलं बाई एकदाचं. ती नुसती हसली तरी माझ्या कपाळाला आठी पडते. सुट्टीत सरांबरोबर काम करायची एकच जागा असते. तिला आखून दिलेला मोठा प्रयोग नीट पार पडला तर ती तिलाच मिळणार, हे झाडूवाल्या मावशींनाही माहीत आहे.

आता जे लिहायचं टाळत होते ते लिहिते. कापायच्या आधी किडे आठवडाभर उपाशी ठेवावे लागतात. भरल्या पोटी कापले तर सडून मरतात. हे भिंतीवर कुठे लिहिलेलं नाही, शिकवणाऱ्याने सांगायचं असतं. बाकीच्यांना मी सांगितलं. तिला नाही. विसरले नव्हते.

परवा संध्याकाळी ती उकडलेल्या अंड्याचा बलक कुस्करून किड्यांना भरवत होती. मला म्हणाली, "उद्या कापायचेत बिचारे. आज पोटभर खाऊ देत." मी पर्स उचलली आणि घरी आले.

काल सकाळी धावतपळत पोहोचले तेव्हा ती पातं पुसत होती. तिला थांबवलं आणि नियम सांगितला. प्रयोग पुढे ढकलावा लागला. सर सगळ्यांदेखत तिला बोलले, एवढी साधी गोष्ट कळत नाही म्हणून. चूक माझी आहे, एवढंच मला म्हणायचं होतं. मी खिडकीबाहेर बघत राहिले. मला बरं वाटत होतं, ताई. नंतर ती डोळे पुसत माझ्याकडे आली आणि म्हणाली, "मॅडम, तुम्ही होतात म्हणून किडे वाचले." मग मात्र बरं वाटेना.

उद्या सरांना खरं काय ते सांगणार आहे. त्याआधी हे पत्र पेटीत टाकते, म्हणजे मला माघार घेता येणार नाही.

एक विचारू? मला विज्ञान तू शिकवलंस, स्वयंपाकघरातल्या टेबलावर, स्वतःचं शिक्षण सोडून. माझा निकाल लागला तेव्हा मी आनंदाने ओरडत घरात आले. तू भांडी घासत होतीस. तू वळली नाहीस, नळ तसाच चालू ठेवलास. पाण्याच्या आवाजात तुला ऐकू गेलं नाही, असंच मी इतकी वर्षं समजत आले.

तुला ऐकू गेलं होतं ना?

तू शिकवलेली,
धाकटी