अर्नीची लोकर

कूनांबल, रविवार

आयव्हीताईस क्लॅरीचा सादर नमस्कार.

तुझे गुडघे आणि तुझ्या कोंबड्या कशा आहेत? माझा खुबा बरा आहे. कुणी विचारत नाही, म्हणून आपणहून सांगतो.

टॅमसिन (तुझी लाडकी भाची, माझी एकुलती एक मुलगी) फिजीला सुट्टीवर गेली. त्याआधी मैत्रिणीच्या लग्नाला दबोपर्यंत आली होती. तिथून माझं घर गाडीने दोन तास. पण बाईसाहेबांना वेळ नव्हता, म्हणून आपला कुत्रा तिने पोस्टाच्या गाडीवाल्याबरोबर पाठवून दिला. कॅव्हूडल म्हणे! आई स्पॅनियल, बाप पूडल, आणि लेकरू म्हणजे निव्वळ केस. नाव अर्नी. (आपल्या वडिलांचं नाव, ताई! प्रेमाने ठेवलंय, असं तिचं म्हणणं.) मी जन्मभर मेंढ्या वळणारे कुत्रे पाळले. या साहेबांना मेंढी दाखवली, तर ते माझ्या पायांमागे लपले. रोज विंचरायचं, असं टॅमसिनने बजावलं होतं. मला स्वतःचे केस विंचरायची सवय राहिली नाही (केसही राहिले नाहीत), तिथे याचे कोण विंचरणार? आठवडाभरात गुंते झाले, त्यात काटे अडकले, आणि बिचारा खाजवून खाजवून रडकुंडीला आला.

आता मेंढ्या कातरण्यात ज्याची कंबर गेली, त्याने काय करावं? शेडमधलं लोकर कातरायचं मशीन काढलं, त्याला ढुंगणावर बसवलं, पाठ माझ्या गुडघ्यांना टेकवली आणि पोटापासून सुरुवात केली. पठ्ठ्याने हूं की चूं केलं नाही. अख्खी लोकर एका तुकड्यात निघाली, आणि शेडमध्ये कातरलेली लोकर टेबलावर पसरून फेकायची, त्या सवयीने मी ती टेबलावर फेकलीसुद्धा. (टेबल स्वयंपाकघरातलं होतं. वर माझं जेवण होतं.) मग खाली पाहतो, तर कुत्रा कुठाय? एवढासा जीव थरथरत उभा. फार वाईट वाटलं मला. माझा जुना लोकरी बनियन कापून त्याला घातला.

संध्याकाळी सुट्टीवरून परतलेल्या टॅमसिनचा फोन. "बाबा, अर्नीला दाखव." माझं तोंड बघायला ती फोन करत नाही, ठाऊक आहे मला. दाखवला. "अरे बाबा, काय केलंस हे! मेंढी आहे का तो?" आणि दुसऱ्या दिवशी जेवायच्या वेळेला बाई सिडनीहून सहा-सात तास गाडी हाकत दारात हजर! माझ्या खुब्याच्या ऑपरेशनला या मुलीने फुलं पाठवली होती, ताई. कुत्र्याच्या हजामतीला स्वतः आली.

आधी रडली, मग मला नको नको ते बोलली, मग कोकराचं भाजलेलं मटण दोनदा वाढून घेतलं. दोन दिवस राहिली. व्हरांड्यात चहा पीत तिच्या आईच्या आठवणी काढल्या. निघताना म्हणाली, "असला सोललेला कुत्रा घेऊन पार्कात कुठल्या तोंडाने जाऊ? केस येऊ देत, मग न्यायला येते." तेव्हापासून रोज फोन येतो. अर्नीसाठीच येतो, पण उचलतो मी ना! केस आले की तो जाईल, आणि फोनही बंद होईल.

तुझा भाऊ,
क्लॅरी

ता. क. अर्नी माझ्या पलंगावर झोपतो. कुणाला सांगू नकोस.

आणखी एक. त्याचे केस भलतेच भराभर वाढताहेत, आणि माझ्या मशीनचं पातं बोथट झालंय. भावोजींच्या माघारी त्यांच्या मेंढ्या कातरायच्या पेटीत चांगली पाती नुसतीच पडून असतील. त्यातलं एक पोस्टाने धाड. टॅमसिनला कळू देऊ नकोस.