चारशे बारा, धम्मरत्न ज्ञानदेव ओव्हाळ

भोसरी,
१६ जानेवारी २०२६

रहिमानभाई,
सलाम आणि जयभीम.

इकडे सगळं ठीक. तुझी मंतशा दहावीच्या अभ्यासाला लागली आहे, गणितात बापासारखीच पक्की. तुझा भाचा शाहरुख गॅरेज चालवतोय, पण त्याच्या हाताला तुझ्या हाताची सर नाही, असं गिऱ्हाइकंच सांगतात. माझी आई ठणठणीत आहे आणि तिची जीभही. हे पत्र तुझ्याआधी जेलचे साहेब वाचतील, तर त्यांनाही नमस्कार.

काल मी मत दिलं.

हसू नकोस. एकदा शिक्षा झाली की मत कायमचं जातं, असं आपल्या बराकीत सगळे छातीठोकपणे सांगायचे, आणि त्यात मीच पुढे. म्हणून सुटून आल्यावर विधानसभेला घरातच बसून राहिलो. या वेळी महापालिकेच्या मतदानाची चिठ्ठी आली, तिच्यावर माझं नाव. आईला म्हटलं, चुकून आलं असेल. ती भडकलीच.

"चुकून कसं? तू आत व्हतास तवा यादीवाली बाई दोनदा आली. पोरगा कुठं हाय म्हणली. म्हणलं, यायचा हाय. नाव पुसू दिलं न्हाई मी."

मी स्वतःला केव्हाच खोडून टाकलं होतं, आणि ही अंगठेबहाद्दर बाई तीन वर्षं माझं नाव राखत बसली होती.

शाळेतल्या खोलीत आपल्या आळीचे आबाजी पक्षाचे एजंट म्हणून यादी घेऊन बसले होते. माझी केस त्यांना तोंडपाठ. तिथे नाव मोठ्यानं वाचतात, कुणाची हरकत असेल तर त्यानं घ्यावी म्हणून. अधिकारी म्हणाला, "चारशे बारा, धम्मरत्न ज्ञानदेव ओव्हाळ." मी आबाजींकडे वळलो. आबाजींनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं, पट्टी ठेवली आणि माझ्या नावाखाली रेघ ओढली. "पुढं सरक की राव, लाइन थांबलीय," एवढंच म्हणाले.

भाई, माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. तिकडे गिनतीला उभं करायचे ते आपण पळालो नाही ना बघायला. इथे मी आलो, एवढंच पुरेसं होतं. चार जागा, चार बटणं. चौथं दाबलं आणि मशीन ओरडलं. माझ्या पुढे समोरच्या टॉवरमधला कंपनीचा मॅनेजर होता. त्याच्यासाठीही ते तेवढंच ओरडलं होतं, जास्त नाही.

बाहेर येऊन कट्ट्यावर बसलो, बोटाची शाई बघत. आणि तू आठवलास. मी गुन्हा केला, कबूल केला, सुटलो, मत दिलं. तू म्हणालास, "जो किया नहीं वो कबूल कैसे करूँ?" म्हणून सव्वाचार वर्षं आत आहेस. शाबीत काहीच नाही, तरी तुला मत नाही. निकालाची वाट बघत आपल्या बराकीत कोण पडून होते, आठव: शेख, ओव्हाळ, पारधी, वडार. चांगल्या नोकऱ्यांच्या याद्यांत ही नावं शोधावी लागतात, तिथे मात्र गर्दी.

आता ज्यासाठी बसलोय ते लिहितो. तुझं नाव पोलिसांना कुणी दिलं, हे तू मला शंभर वेळा विचारलंस. मी दिलं. चाकणला कंपनीच्या गेटवर मी रखवालदाराचं डोकं फोडलं, तेव्हा तू रस्त्यापलीकडे ट्रकखाली झोपून काम करत होतास. मी पाहिलं होतं. चौकीत मारताना "अजून कोण?" विचारत होते, तर तोंडाला आलं ते नाव घेतलं. वाटलं, संध्याकाळी तुला सोडून देतील. पण तुझं नाव ऐकल्यावर त्यांनी पुढे कुणाचं विचारलंच नाही. तीन वर्षं तुझ्या ताटातलं खाल्लं आणि गप्प राहिलो.

आज सकाळी तुझ्या वकील रश्मीताईंना सगळं सांगून आलो. ३० तारखेला कोर्टात उभा राहून सांगणार आहे. त्या म्हणाल्या, "खोटी माहिती दिल्याचा गुन्हा लागू शकतो. परत आत जाल." आईला हे अजून सांगायचंय.

इथे माफी मागत नाही. कागदावर ती फार स्वस्त पडेल. मी आत गेलो आणि तू बाहेर आलास, तर एकदा त्या खोलीत जाऊन तुझं नाव मोठ्यानं वाचलेलं ऐक. त्याच्यासारखं दुसरं काही नाही, भाई.

तुझा साक्षीदार,
धम्मरत्न