नीटनेटका उंदीर

१ जुलै २०२५, बुऱ्हाणपूर
आजपासून तालीम. पेपर मिलमधून रिटायर झालो तेव्हाच ठरवलं होतं, आता कलेसाठी जगायचं. बायको लीला आणि तिच्या तीन मैत्रिणी कानबाई देवीची गाणी गातात, त्यांचा मी ग्रुप केला. 'स्वरलीला महिला वृंद'. संस्थापक, मार्गदर्शक आणि पेटीवादक मीच. गळे चांगले, शिस्त शून्य. आशाबाई खाली, लीला वर, छाया आणि पूजा मधेच कुठेतरी. चौघींना मिळून एक सूर धरता येत नाही. पेटीने सरळ करीन.

३ जुलै
पेटी जोरात वाजवली. पूजा म्हणाली, काकाजी, ही तो हार्मनी आहे, आम्ही जानबूझके वेगवेगळं गातो. चुकीला इंग्रजी नाव दिलं म्हणून ती बरोबर होत नाही, हे मी पाऊण तास समजावलं. कोणी ब्र काढला नाही. आदर आहे.

५ जुलै
पेटी नुसती फुसफुसते. उंदराने भाता कुरतडला. तालीम रद्द. बायकांनी धीराने घेतलं. आशाबाई म्हणाल्या, भाऊ, तुम्ही आराम करा, आमचं आम्ही पाहून घेऊ.

९ जुलै
सायकलच्या ट्यूबचा तुकडा चिकटवला होता. आज तालमीआधी पाहतो तर पुन्हा फाटलेला. उंदीर नीटनेटका आहे, अगदी सरळ रेषेत कुरतडतो. लीलाला म्हटलं, ह्याला संगीताचं वावडं दिसतंय. ती ब्लाउज शिवत होती. मान वर न करता म्हणाली, असेल.

१३ जुलै
शेजारच्या काशिनाथचा पिंजरा आणला. आत भजं लावलं. संध्याकाळपर्यंत उंदीर नाही. भजं मीच खाल्लं. उद्या ताजं लावू.

१८ जुलै
लीलाची भिशी वाढली. इतवारा मोहल्ल्यात छायाकडे, आठवड्यातून चारदा. बचतीचं महत्त्व बायकांना उशिरा का होईना पटलं. जाताना ज्येष्ठमध चघळते. म्हणाली, भिशीत फार बोलावं लागतं.

२४ जुलै
विश्वासघात.
काशिनाथने मोबाईल दाखवला. रविवारी शाहपूरला कार्यक्रम, फोटोत चौघी, सारख्या हिरव्या साड्या. नावसुद्धा बदललंय, 'कानबाईच्या लेकी'. माझं नाव कुठेच नाही. ज्यांना मी घडवलं त्यांनी! त्यातही लीला. परके लोक करतात ते समजतं, घरचं माणूस करतं तेव्हा घास उतरत नाही. जेवलो नाही. भात तेवढा घेतला. शाहपूरला मात्र जाणार. स्टेजवर सूर सुटले की मलाच शोधतील.

२७ जुलै, शाहपूर
पेटी पिशवीत घालून बसने आलो. वाजत नाही, पण दिसली पाहिजे. शेवटच्या रांगेत तयारीत बसलो. स्टेजवर एकही वाद्य नव्हतं. आशाबाईंनी खालचा सूर धरला, लीला वर गेली, दोघी मधे. मी चुका मोजायला घेतल्या. दुसऱ्या कडव्याला मोजायचं विसरलो. शेजारची म्हातारी डोळे पुसत होती. वन्स मोअर आला.
शेवटी आशाबाईंनी मांडववाल्याचे, माईकवाल्याचे, चहावाल्याचे आभार मानले. मी खुर्चीतून अर्धा उठलो होतो, तसाच परत बसलो. लीलाने मला पाहिलं. मग पेटीकडे पाहिलं आणि मान खाली घातली.

२९ जुलै, नागपंचमी
पेटी उघडली. भाता दुरुस्त. नवं चामडं, वर काळ्या दोऱ्याचे बारीक टाके, सगळे एकसारखे. लीला म्हणाली, वाजवा आता निवांत, उंदीर परत येणार नाही. मग तालमीला गेली. भिशीला जाते, असं आज म्हणाली नाही.
पिंजरा काशिनाथला परत केला. पेटीची काळी चार पट्टी दाबली. सूर स्वच्छ आला. ऐकायला घरात कोणी नव्हतं.
उंदीर येणार नाही हे तिला कसं ठाऊक, ते विचारायचं राहिलं. विचारणार नाही.