जिवंत माणसाचं मरणगीत

संत मायकेलचा दिवस
पोचलो एकदाचा किल्ल्यावर! गुडघे कुरकुरतायत, पण खिडकीतून समुद्र दिसतो. बाईसाहेब ग्वेर्विलनी स्वतः पाय धुवायला कोमट पाणी आणलं. म्हणजे राहायचा मान मिळाला. त्यांचे यजमान इंग्रज राजाविरुद्ध बंड करून डोंगरात आहेत. मला बोलावलंय त्यांच्या धाकट्या लेकीला, नेस्टला, पाठांतर शिकवायला. माझी दाढी बकरीची आहे, असं तिने आल्याआल्याच सांगितलं. गुरुजींनी छडीच्या तालावर घोटवून घेतलेल्या ओळी अजून ओठांवर आहेत. माझं, या योरवर्थ म्हाताऱ्याचं, तेवढंच धन.

सर्व संतांचा दिवस
जेवताना कारभारी एडनेवेद म्हणाला, "कविबुवा, मेल्यावर ऐकायला मी थोडाच असणार? माझं मरणगीत आत्ताच म्हणा." आमच्याकडची ही जुनी थट्टा. जिवंत माणसासमोर त्याच्यासाठी रडायचं, शेवटच्या ओळीत नाव गुंफायचं. गीतात मी त्याला खिडकीखाली निजवला, डावा हात उशाशी. सगळ्यांत जास्त तोच हसला.

दुसरा दिवस
एडनेवेद खिडकीखाली सापडला. गार. डावा हात उशाशी.

नाताळ
किल्ल्याला इंग्रजांचा वेढा पडलाय. शिपायांना हसवायला म्हणून बाईसाहेबांचा थोरला लेक कडेल स्वतःचं मरणगीत मागत होता. मी नको म्हणालो. म्हातारा स्वतःच्याच शब्दांना भितो, असं तो चारचौघांत म्हणाला. मला राग आला. म्हटलं गीत. बर्फ, तट, घशात बाण.

संध्याकाळ
बर्फ. तट. बाण. बाईसाहेबांनी लेकाचे केस विंचरले. मग मलाही भाकरी वाढली. शिव्या द्यायला हव्या होत्या.

उपासाचे दिवस
कोठारातलं ओटचं धान्य संपलं. घोडेही खाऊन झाले. यजमानांचं नाव ओठांवर आणू नका, असं बाईसाहेबांनी बजावलंय. मी दिवसभर तोंडावर हात धरून बसतो. नेस्ट त्यालाही हसते.

दार फुटतंय. बायका-मुलांना लंडनच्या बुरुजात कोंडणार म्हणे. तिथून कोणी —

बाईसाहेब आल्या. नेस्टला माझ्या मांडीवर बसवलं. मला म्हणाल्या, "बाबा, माझं काहीही होवो. हिला तिथे कुजायला नको. इथेच झोपू दे. हिचं गीत म्हणा."

नाही म्हणवलं नाही. इथेच लिहितोय, ओठ हलवत — ओळी आपोआप येतायत — जीभ माझी नाही — नेस्ट दाढी ओढतेय, विचारतेय, आजोबा, पुढे काय —

शेवटची ओळ. तिचंच नाव चपखल बसतं. माझं घातलं तर छंद मोडतो.

मोडू दे. गुरुजी, माफ —

इथे निजला यो