बसलेलं माप

४ मार्च, मंगळवार

माझीच शिलाई. ह्यांच्या अंगावर उमटलेली. 

सकाळी अंघोळीसाठी ह्यांना कुशीवर वळवलं. आज सिस्टरचा दिवस, दर मंगळवारी येते. तिने मागून बघितलं आणि हातातला टॉवेल बाजूला ठेवला. मग म्हणाली, "वहिनी, इकडे या जरा."

उजव्या बाजूला, बसायच्या हाडावर, कोटाच्या बटणाएवढं कातडं गेलेलं. ओलं. आणि त्याच्या कडेने दोन लाल रेघा, एकीला लागून दुसरी, बरोबर पाव इंचाचं अंतर. पुढे जाऊन काटकोनात वळलेल्या.

"हे कशाचं हो?" सिस्टरने विचारलं.

मला विचारतेय! दुहेरी शिलाई आणि मागच्या खिशाचा कोपरा. आयुष्यात किती पॅंटींना घातला असेल ह्याचा हिशोब नाही. गिऱ्हाईक सांगतात, खिसा फाटेल पण तुमचा कोपरा उसवणार नाही. बादलीच्या शेजारी खाली बसले.

"दुखलं नाही का हो तुम्हाला?" असं विचारलं मी. विचारून झाल्यावर कळलं काय विचारलं ते. ऑगस्टमध्ये शिडीवरून पडल्यापासून ह्यांना कमरेखाली काही कळत नाही.

हे म्हणाले, "दुखलं असतं तर तुझ्याआधी मी नसतो का ओरडलो?"

५ मार्च, बुधवार

डॉक्टरांकडे नेऊन आणलं. कातडं गेलंय, खालचं मांस अजून धड आहे. बसायचं नाही. अजिबात नाही. कुशीवर किंवा पालथं, दर दोन तासांनी बदलायचं. ड्रेसिंग रोज.

"आणि हाडापर्यंत गेलं तर?" मी विचारलं.

"मग ऑपरेशन. जंतू रक्तात गेले तर माणसं दगावतात." कापड धुतल्यावर आटेल, हे मी गिऱ्हाइकाला ज्या आवाजात सांगते, त्याच आवाजात सांगितलं त्यांनी. 

हॉस्पिटलातून सोडताना सगळं शिकवलं होतं की मला. रोज अंग बघा, चादरीला सुरकुती पडू देऊ नका. सहा महिने डोळ्यांत तेल घालून चादरी ताणल्या. अंगही बघायचे, पण घाईत, पुढून पुढून. पॅंट मी शिवलेली. तिच्यात काय बघायचं!

६ मार्च, गुरुवार

ह्यांच्या चारही पॅंटी उसवायला घेतल्या. दोन तासांत एक झाली. चांगली शिवली होती मेली.

९ मार्च, रविवार

ह्या पॅंटींचा हट्ट ह्यांचाच. घरी आल्यावर दुसऱ्याच दिवशी म्हणाले, "मला ह्या ढगळ पायजम्यात ठेवू नकोस. मी वायरमन आहे. मला खिसेवाली पॅंट पाहिजे." वीस वर्षं उजव्या मागच्या खिशात टेस्टर असायचा. मी जाड कापड आणलं, जुन्या मापाने बेतलं आणि त्या दिवशी हे चक्क हसले. म्हणून मी चार शिवल्या.

जुनं माप. मापाच्या वहीत ह्यांचं पान उघडून बसले होते आज. कंबर, बैठक, मांडी, उंची. सगळं उभ्या माणसाचं. माणूस उभा करायचा, टेप लावायची, आकडा लिहायचा. माझ्या गुरुजींनी असंच शिकवलं, त्यांना त्यांच्या गुरुजींनी. बसलेल्या माणसाचं माप मी आजवर घेतलेलंच नाही! आणि हे तर आता उठणार नाहीत.

उसवायची राहिलेली एक पॅंट मी स्वतः घातली. खिशात टेस्टर टाकला. लाकडी स्टुलावर निळा खडू घासला आणि बसले. ठरवलं होतं, एक तास हलायचं नाही. अकराव्या मिनिटाला हलले. मुद्दाम नाही, आपोआप. मग परत बसले, परत हलले. आपण दिवसभर असे हलतच असतो आणि आपल्याला पत्ता नसतो. ह्यांना कोण हलवणार?

उठून बघितलं. खडू कुठे लागलाय? दोन्ही हाडांवर, खिशाच्या कोपऱ्यावर, मधल्या जाड जोडावर. मागे कमर खाली ओढली गेलेली, पोटाशी आणि गुडघ्यामागे कापडाचा चुराडा. सगळं चूक. तीस वर्षं शिवतेय आणि सगळं चूक.

सासूबाई खिडकीशी आरामखुर्चीत बसून माझ्याकडे बघत होत्या. आईंचे गुडघे दोन वर्षांपूर्वी गेले आणि आडवं झालं की त्यांना दम लागतो, म्हणून झोपही खुर्चीतच. वॉकर घेऊन बाथरूमपर्यंत जातात, बाकी दिवसभर मला काजं-बटणं करून देतात. म्हणाल्या, "कुठे टोचतं ते मला विचार की. मी सांगते."

"तुम्ही पॅंट कधी घातली होती, आई?" मी म्हटलं. पलंगावरून हेसुद्धा हसले. चार दिवसांत पहिल्यांदा.

१२ मार्च, बुधवार

ड्रेसिंग केलं. जखम तशीच आहे. कमी नाही, जास्त नाही.

१७ मार्च, सोमवार

नवा बेत उतरवला. मागची बाजू एकाच अखंड कापडात, मधला जोडच नाही. मागे खिसा नाही. मागे कमर चार इंच उंच, पुढे खाली, म्हणजे बसल्यावर सरळ येते. पाय लांब. शिलाई बाजूला नेली आणि चपटी केली, कडेने वेलक्रो, म्हणजे झोपल्या झोपल्या घालता येईल. कापड आतून मऊ, ताणलं जाणारं. चिखलाच्या रंगाचं मिळालं, पण मिळालं.

ह्यांना दाखवलं. पालथे होते, मान वळवून बघितलं. "टेस्टर कुठे ठेवायचा?"

"मांडीवर, बाहेरच्या बाजूला. तिथे खिसा दिलाय."

हात लांब करून त्यांनी तो खिसा चाचपला. मग म्हणाले, "मला चालायचं नाही गं आता. तो विषय मी सोडला. नुसतं बसायचंय. बसून बोर्ड तरी दुरुस्त करेन कुणाचे." मला वाटलं होतं ह्यांनी काहीच सोडलेलं नाही. मी स्वयंपाकघरात जाऊन पाणी प्यायले, नको असताना.

गॉजचा डबा परत अर्धा. परवाच भरला होता. मी ह्यांना म्हटलं तर म्हणतात, सिस्टर पिशवीतून नेत असेल. काहीतरीच.

२ एप्रिल, बुधवार

कडेने गुलाबी आलंय! सिस्टर काल म्हणालीच होती, आज मलाही दिसलं. जीव भांड्यात पडला.

११ एप्रिल, शुक्रवार

हे आज आईंवर खेकसले. त्यांनी एवढंच विचारलं होतं, किती वाजले. पाच आठवडे फरशीकडे बघत पडलेला माणूस, ओरडणारच. पण आईंचा चेहरा उतरला. नंतर मला म्हणाल्या, "त्याला काही बोलू नकोस. त्याचं आधी नीट होऊ दे."

त्या हल्ली स्वतःचे गाऊन स्वतःच धुतात. वॉकर धरून, पहाटे, मी उठायच्या आत. मी म्हटलं, मशीन आहे ना घरात. म्हणाल्या, "दोन फडकी ती काय, हाताला व्यायाम होतो." स्वाभिमान नाकावर, दुसरं काय.

२० एप्रिल, रविवार

मिटली! जखम मिटली. नवी पॅंट घालून ह्यांना जाड गादीवर पंधरा मिनिटं बसवलं. घड्याळ हातात. मग लगेच आडवं करून बघितलं. लाल होतं. सिस्टरने शिकवल्याप्रमाणे बोटाने दाबलं, पांढरं झालं, परत लाल, आणि थोड्या वेळात लाली गेली. म्हणजे ठीक. लाली दाबूनही गेली नाही तर घाबरायचं. कुठली रेघ नाही, कुठला कोपरा नाही. कोरं कातडं.

हे म्हणाले, "तुझी शिलाई कुठे गेली?" मी तिथेच रडले. आई पण डोळे पुसत होत्या.

कातरण बरंच उरलंय. आईंनी मागितलं. "मऊ आहे गं. टाकू नकोस, दे मला." दिलं. उशीबिशी करत असतील.

२८ एप्रिल, सोमवार

आता रोज तासभर बसतात, मधे मधे हातांवर जोर देऊन अंग उचलतात. शेजारचा पंखा उघडून ठेवलाय समोर.

सिस्टरने आणखी दोघांची कामं आणली. एक आजोबा, एक कॉलेजातली मुलगी. त्या मुलीला बघितलं आणि टेप लावायच्या आधीच म्हटलं, डावीकडे जास्त वजन टाकतेस. तिची आई थक्क झाली. माझी नजर म्हणजे नजर! दारातून माणूस आत आला की मी माप सांगते, हे काही उगाच म्हणत नाहीत लोक. त्या मुलीची पॅंट बेतायला घेतल्यापासून तीच नजर सगळीकडे फिरतेय, कोण कसं बसलंय. बसमध्ये, दवाखान्यात.

६ मे, मंगळवार

गॉजचा डबा रिकामा.

जखम मिटून पंधरा दिवस झाले. ड्रेसिंग बंद. वीस तारखेला मीच डबा भरून ठेवला होता, असावा म्हणून. सिस्टरला विचारलं, थोडं चाचरतच. ती म्हणाली, "वहिनी, मी माझं आणते. तुमच्या घरातल्या कपाटाला मी कधी हात लावलाय का?" खरं आहे. नाही लावला. आणि कपाटाचा तो खण ह्यांच्या हाताला येत नाही.

मग कोण?

सिस्टर गेल्यावर मी दारातच उभी राहिले. आई खिडकीशी बटण लावत होत्या. डाव्या अंगावर कललेल्या. खुर्चीच्या एका हातावर सगळा भार. किती दिवस अशा बसतायत? मी रोज बघतेय. रोज!

विचारलं तर म्हणाल्या, "काही नाही गं. उद्या अंघोळीला बघ हवं तर."

७ मे, बुधवार

माकडहाडावर. ह्यांच्यापेक्षा मोठी, खोल, काळपट कडा. वर माझं कातरण, चौकोनी कापून चारी बाजूंनी हातशिलाई घातलेलं, बारीक, सुरेख. त्याखाली गॉज. घाण वास.

"दुखत नव्हतं का, आई?"

"दुखत होतं की. रात्रंदिवस दुखतं." मग मला समजावत म्हणाल्या, "त्याला कळत नाही, त्याचं बघायला हवं. मला तर कळत होतं ना. माझं काय बघायचं."

हॉस्पिटलची गाडी सांगितलीय, यायला तास लागेल. सिस्टर निघालीय. आईंना कुशीवर घेतलं, डोक्याखाली तीन उशा. हे हात पुरेल तेवढा पुढे करून आईंचा पाय धरून बसलेत.

मापाची वही काढली. लग्नाला तेवीस वर्षं झाली, वहीत आईंचं पानच नाही. त्यांचे गाऊन मी नजरेनेच शिवत आले. नवीन पान उघडलं आणि म्हटलं, कुठे कुठे टोचतं ते सांगा. त्या सांगायला लागल्या. पान पुरलं नाही.